वहाळापासून किती मीटर? त्याआधी बॅरल कुठे ठेवता ते बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूर तालुक्यात उतारावर तुमची हापूसची दीडशे कलमं आहेत, बागेच्या पायथ्याला वहाळ, म्हणजे ओढा, आहे आणि वहाळाच्या खालच्या अंगाला वाडी. बोंगे (मोहोराचे कोंब) फुटताना लॅम्डा सायहॅलोथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी झाली आणि दोन दिवसांनी वाडीजवळच्या डोहात मासे, झिंगे मरून पडलेले दिसले. वाडीने ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तुम्ही म्हणता की वहाळाकडची शेवटची ओळ सोडूनच औषध मारलं होतं. मग कायद्यात नेमकं अंतर किती सांगितलंय, आणि ते पाळलं तर आपण सुटलो का?

देवगड-कणकवली-राजापूर पट्ट्यात आंबा-काजूच्या बागांना सल्ला देण्याचं काम मी सत्तावीस वर्षं करतोय, स्वतःची थोडी कलमंही आहेत. या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण अंतराची नाही. तुमच्या बागेत पाणी कुठून घेतलं, औषध कुठे कालवलं आणि शेवटी बॅरल कुठे धुतलं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. वहाळाकाठच्या ज्या बागांबद्दल असा वाद झाला आणि मी जाऊन पाहिलं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथेच अडकलेली होती.

आधी कायदा. सगळ्या औषधांना सरसकट लागू होईल असा ‘वहाळापासून इतके मीटर’ हा आकडा आपल्या कीटकनाशक कायद्यात नाही. हा कायदा 1968 चा आणि त्याचे नियम 1971 चे. औषधाची नोंदणी फरीदाबादच्या केंद्रीय मंडळाची नोंदणी समिती करते. ते कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत वापरायचं हे त्या नोंदणीत ठरतं आणि बाटलीबरोबरच्या घडीपत्रकात छापलं जातं. माशांना घातक असलेल्या औषधाच्या पत्रकात तळी, ओढे, मत्स्यशेती यांच्या जवळ वापरू नये अशा अर्थाची ओळ असते. ‘जवळ’ म्हणजे किती, हे बहुधा लिहिलेलं नसतं. अक्षरही इतकं बारीक, की मी पिशवीत भिंग ठेवतो.

याच कायद्याचं कलम 38 फार कमी बागायतदारांना माहीत असतं. स्वतःच्या लागवडीखालच्या जमिनीत जो स्वतः औषध वापरतो, त्याच्या वापराला हा कायदा लागू नाही असं ते सांगतं. कायद्याचा रोख कारखानदार, विक्रेते आणि धंदा म्हणून फवारणाऱ्यांवर आहे. हे ऐकून काहीजण निर्धास्त होतात, आणि तिथेच घात होतो. एकतर मजुरीवर दुसऱ्याच्या बागा फवारून देणाऱ्याने या सवलतीत स्वतःला धरू नये. दुसरं म्हणजे 1974 चा पाणी प्रदूषण प्रतिबंध कायदा वेगळा आहे आणि त्यात शेतकऱ्याला अशी सूट नाही. त्याच्या कलम 24 नुसार कोणताही विषारी पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात किंवा विहिरीत जाऊ द्यायला मनाई आहे. ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या तर आपल्या कोकणासाठीच केल्यासारखी आहे: वाहता असो वा त्या वेळेपुरता कोरडा, पाण्याचा मार्ग म्हणजे प्रवाह. फेब्रुवारीत वहाळ आटला, दगड उघडे पडले, म्हणून तिथे बॅरल उपडं केलं तरी ते कायद्याच्या लेखी प्रवाहातच गेलं. भूगर्भातलं पाणीही या व्याख्येत येतं.

आता ‘जाणूनबुजून’ या शब्दाकडे नीट बघा. वाडीचा अर्ज येईपर्यंत तुम्ही म्हणू शकत होता की मला कल्पना नव्हती. अर्ज हातात पडल्यापासून ते म्हणता येणार नाही. म्हणून तो अर्ज भांडण समजून बाजूला टाकू नका.

किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अंतरांतही फवारणीचे मीटर शोधू नका. ती अंतरं मुख्यतः बांधकामासाठी आहेत. ब्रिटनमध्ये मात्र अशी अंतरं आखलेली आहेत: काही औषधांसाठी जमिनीलगत बूमने (नोझलच्या आडव्या दांड्याने) फवारताना पाण्यापासून 5 मीटर, आणि फळबागेत हवेच्या झोताने फवारताना 18 मीटर. तो कायदा आपला नाही, पण त्यातलं प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे. औषध खाली मारलं तर जेवढं अंतर पुरतं, त्याच्या तिपटीहून जास्त अंतर वर झाडात मारताना लागतं. आपण तर एचटीपी (जास्त दाबाच्या) पंपाची गन चाळीस फुटी कलमाच्या शेंड्याकडे रोखतो.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो, म्हणजे बॅरलवर एवढा जोर का देतो ते कळेल. 2001 चा मार्च होता. एका बागेची फवारणी माझ्या देखरेखीखाली चालली होती. वाऱ्याची दिशा बघितली, वहाळाकडच्या दोन ओळी सोडल्या, मात्रा मोजून घातली. संध्याकाळी गड्यांनी बॅरल वहाळात नेऊन विसळलं आणि मी शेजारी उभा राहून हिशेब लिहीत होतो. दुधासारखं पांढरं पाणी दोन दगडांमधून ओघळलं, बघता बघता फिकट झालं आणि दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या डोहाच्या काठावर झिंगे पांढरट पडून लागले होते. एक कुर्ली, म्हणजे खेकडा, उताणी पडून पाय थरथरवत होती, तिला पालथं होता येत नव्हतं. कपडे धुवायला आलेल्या म्हातारीने मला हाक मारून ते दाखवलं आणि म्हणाली, “ह्या बघ, तुझ्या औषधान काय केल्यान ता.” तिला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द नव्हते. दोन ओळी सोडल्याचा मला जो भरवसा होता तो त्या काठावर संपला.

घरी येऊन मी हिशेब मांडला. आता तुमच्याच औषधाचा मांडून दाखवतो. लॅम्डा सायहॅलोथ्रिन 5 टक्के, 10 लिटर पाण्याला 6 मिलिलिटर. म्हणजे तयार द्रावणाच्या एका लिटरात साधारण 30 मिलिग्रॅम मूळ विष. संवेदनशील मासे लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी मात्रेत मरतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. तेव्हा एक लिटर द्रावण 30,000 लिटर पाणी त्या पातळीला नेऊ शकतं. उन्हाळ्यातला आपला डोह केवढा असतो? पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद, गुडघाभर पाणी, म्हणजे साडेसात हजार लिटरच्या आसपास. त्याला पाव लिटर पुरे, एक फुलपात्र. प्रत्यक्षात बरंचसं विष गाळाला, पानांना चिकटतं, प्रवाहात पातळ होतं, हे खरं. पण बॅरलच्या तळाला आणि पाईपात राहिलेलं द्रावण पाच-दहा लिटर सहज असतं. वाऱ्यावरून जाणारा फवारा वहाळाच्या लांबीवर पसरतो. विसळलेलं बॅरल एकाच जागी, एकाच वेळी पडतं.

दुसरी जागा म्हणजे पाणी भरण्याची. वहाळात पंप टाकून वर बॅरल भरताना पाईपचं तोंड बॅरलातल्या पाण्यात बुडवून ठेवायची सवय असते, शिंतोडे उडत नाहीत म्हणून. औषध आधीच टाकलेलं असलं आणि पंप मध्येच बंद पडला, की पाईपातलं पाणी खाली ओढलं जातं आणि त्याच्याबरोबर बॅरलातलं औषध उलट वहाळात उतरतं. कोणी सांडत नाही, कोणाला दिसत नाही. यावर उपाय फुकटचा आहे. पाईपचं तोंड पाण्याच्या वर वीतभर अधांतरी बांधा, आणि बॅरल भरून पंप बंद केल्यावरच औषध टाका.

आता बाटलीवरच्या त्रिकोणाबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की पिवळ्या त्रिकोणाचं होतं, लाल नव्हतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग तुमच्या-माझ्यासाठी आहेत. उंदरांवरच्या चाचण्यांतून सस्तन प्राण्यांना किती विषारी ते ठरतं आणि त्यावरून रंग मिळतो. माशाचा, झिंग्याचा त्या रंगाशी संबंध नाही. तुमचं लॅम्डा आणि पालवीवर पहिल्या फवारणीत मारतात ते डेल्टामेथ्रिन एकाच, पायरेथ्रॉइड कुळातली. माणसाला जितकी घातक त्याहून कितीतरी पटींनी माशांना घातक. इमिडाक्लोप्रिड माशांना त्या मानाने सौम्य, पण पाण्यातल्या किड्यांना फार वाईट. शिवाय ते पाण्यात विरघळून राहतं. आपला जांभा सच्छिद्र, भेगांचा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पडलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्यात आणि विहिरीत लवकर उतरतं, त्याच्याबरोबर हेही उतरू शकतं. ब्युप्रोफेझिन किड्याला कात टाकताना नवं कवच बनवू देत नाही, आणि कुर्ली व झिंगाही तशाच पदार्थाचं कवच बनवून कात टाकतात, म्हणून खाडीच्या काठाला मी तेही जपूनच सुचवतो. तुडतुडे (मोहोराचा रस शोषणारी कीड) आणि तुडतुड्यांच्या पाण्यातल्या नातेवाइकांमध्ये फरक करणारं औषध अजून माझ्या पाहण्यात नाही.

ही फक्त आंब्याची गोष्ट नाही. सुपारीच्या आगरात पावसाच्या तोंडावर कोळेरोगासाठी बोर्डो मारतात, 100 लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. आगर नेमकं पाटाच्या, वहाळाच्या कडेला असतं. तांबं माशांना घातक, आणि हीच वेळ पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर येण्याची. मोहोर यावा म्हणून द्यायचं कल्टार आपण जुलै-ऑगस्टात भर पावसात आळ्यात ओततो. कल्टार आळ्यात चर मारून मातीआड गेलं पाहिजे, आणि जोराच्या सरी चालू असतील तो दिवस सोडला पाहिजे. काहीजण वहाळाच्या दरडीवर ग्लायफोसेट मारून गवत जाळतात. भारतात ते चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपीक जागेसाठीच नोंदलेलं आहे, आणि ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या आदेशाने त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता ठेवला. दरडीवरचं गवत हीच तुमची गाळणी आहे, ती जाळू नका.

मग अंतराचं काय? मी माझ्या बागांत काय करतो ते सांगतो, नियम म्हणून नाही. कातळाच्या सपाटीवर, झाडं बुटकी, वारा वहाळाकडून बागेकडे, अशा वेळी मी दहा मीटरवर समाधान मानतो. तुमच्यासारखा उतार, उंच कलमं आणि खाली वाहतं पाणी असेल तर वीस मीटरच्या आत पायरेथ्रॉइड कुळातलं काही मारू देत नाही. त्या शेवटच्या ओळींवर तुडतुडे मोजून बघतो, खरंच गरज वाटली तर दुसऱ्या गटातलं औषध घेतो. ते मारताना गडी वहाळाकडे पाठ करून उभा, गन उताराच्या वरच्या दिशेला, दाब कमी. काठाला तीन-चार मीटरचा पट्टा वाळा, गवत, करंज यांना मोकळा सोडलाय. त्या ओळींचं उत्पन्न थोडं कमी येतं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो, आणि ते मी धरून चालतो.

वेळेचं एक. पहाटे वारा अगदी पडलेला असतो म्हणून तेव्हाच फवारावं, असं अनेकांना वाटतं. पण धुक्याच्या पहाटे थंड हवा उतारावरून वहाळाच्या घळीत सरकते आणि बारीक थेंब तिच्याबरोबर तरंगत खाली जातात. दव ओसरल्यावर, हलका पण एका दिशेने वारा असताना सुरू करा आणि पश्चिमेचा खारा वारा उठायच्या आत आटपा. तुमच्या बागेला वहाळ कोणत्या दिशेला आहे त्यावर यातलं काय चालेल ते ठरेल. दुसऱ्या दिवशी पावसाची शक्यता असेल तर त्या दिवशी गनला हातच लावू नका.

ड्रोनबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली आहे, सपाट भातशेतीत त्याचा उपयोगही आहे. पण उतारावरच्या उंच कलमांवर, खाली वहाळ असताना, वरून औषध सोडायला माझा सल्ला नाही. कासरगोडच्या काजूच्या टेकड्या आपल्यासारख्याच जांभ्याच्या. तिथे 1970 च्या दशकापासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान मारलं गेलं. त्या गावांनी काय भोगलं ते सगळ्या देशाने पाहिलं, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी घातली. औषध वेगळं, यंत्र वेगळं, मात्रा वेगळी, हे मान्य. टेकडी आणि तिच्या पोटातलं पाणी मात्र तेच आहे.

आता चूक कोणाची, यावर. न बघता मी सांगू शकत नाही, आणि मासे औषधानेच मेले असंही गृहीत धरू नका. पाणी कमी झालं, पालापाचोळा कुजला, की प्राणवायू घटूनही मासे मरतात. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. प्राणवायू कमी पडला तर पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात आणि सहसा मोठे मासे आधी मरतात. विष असेल तर झिंगे, पाणकिडे, बारके मासे आधी जातात, कुर्ल्या थरथरतात. वाडीतल्या लोकांना विचारा, आधी काय मेलं. आणि वहाळाच्या काठाने वर चालत जा. मेलेले जीव तुमच्या बागेच्या सगळ्या लांबीत दिसले असतील तर वाऱ्यावरून गेलं. पाणी भरायच्या जागेच्या खालूनच सुरुवात होत असेल तर बॅरल किंवा पाईप. तुमच्या वरच्या अंगालाही मेले असतील तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

पुन्हा असं घडलं तर लगेच पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या. पायरेथ्रॉइड प्लास्टिकला चिकटतं आणि तपासणीत कमी दिसतं. बाटली काठोकाठ भरून, काळ्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवा, मेलेले मासे वेगळ्या पिशवीत गोठवा. नमुना ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि वाडीतले दोघे यांच्या समोर घ्या. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तक्रार तुम्ही स्वतः दिलीत तर आणखी चांगलं.

अर्जावर ग्रामपंचायतीची बैठक लागायच्या आत वाडीत जाऊन या. वकिली कागद नेऊ नका, फवारणीची वही न्या: तारीख, वेळ, औषध, मात्रा, वारा, पाणी कुठून घेतलं, बॅरल कुठे धुतलं. निर्यातीसाठी मँगोनेटमध्ये नोंद असेल तर ही वही तुमच्याकडे असायलाच हवी. पुढच्या प्रत्येक फवारणीच्या आदल्या दिवशी वाडीत निरोप देऊ, म्हणजे दोन दिवस वहाळाचं पाणी गुरांना दाखवू नका, मासे धरू नका, असं सांगा आणि पाळा. माझ्या अनुभवात एवढ्याने निम्मा राग उतरतो, कारण लोकांचा राग बऱ्याचदा न सांगितल्याचा असतो.

आणि गड्यांशी बोला. तुमच्याकडे नेपाळी गडी असतील तर त्यांना पत्रक वाचता येईल असं धरू नका, हाताने करून दाखवा. बाटली रिकामी झाली की तीनदा विसळायची आणि ते पाणी त्याच बॅरलात ओतायचं. शेवटी बॅरलात स्वच्छ पाणी घालून तेही वरच्या ओळीतल्या कलमांवरच मारून संपवायचं. रिकाम्या बाटल्या फोडून वस्तीपासून लांब पुराव्यात, असं 1971 च्या नियमांतला नियम 44 सांगतो. धुण्याचं पाणी आणि उरलेलं औषध पाण्यात जाऊ देऊ नये, हेही त्याच नियमात आहे. पुरताना माती खोल असलेली जागा निवडा, विहिरीच्या वरच्या अंगाला नको, कातळाच्या भेगेत तर नकोच.

तिसरी फवारणी तुमच्या वेळापत्रकाप्रमाणे दोनेक आठवड्यांवर आली असेल. तोवर एक पाण्याची टाकी बागेच्या वरच्या टोकाला चढवा आणि वहाळातून तिच्यात फक्त पाणी भरा, औषधाचं बॅरल टाकीशेजारी. वहाळापासून बॅरलचं अंतर तीस मीटरच्या वर राहू दे. पाईप तुमच्याकडे आहेच. उताराचा आणि भरण्याच्या जागेचा फोटो पाठवलात तर टाकी नेमकी कुठे बसवावी ते सांगतो.